लाल पट्टीची काठी

आरोहीने चेंडू ओल्या वाळूवर ठेवला, पायाच्या अंगठ्याने वाळू दाबून पाहिली आणि लाल पट्टीची काठी उचलली. ओहोटी पार लांब गेली होती. सुरूच्या बनापासून पाण्यापर्यंत दिवेआगरचा किनारा परातीसारखा सपाट पडला होता, आणि त्या परातीत लांबवर, डोक्याला पंचा गुंडाळून, तिचा बाप अंबाजी उभा होता. त्याच्या बगलेत सुपारीच्या विऱ्या होत्या, झावळीच्या बुडाशी असतात त्या पसरट, चामड्यासारख्या. चेंडू पडेल तिथे एक विरी ठेवायची, एवढंच त्याचं काम. लाल काठीचा चेंडू असेल तर उताणी, पांढऱ्या काठीचा असेल तर पालथी.

तिने काठी मागे नेली. वर गेल्यावर हातांनी जरा थांबायला हवं होतं. ते थांबले नाहीत, हे तिला चेंडू उडायच्या आधीच कळलं. तरी चेंडू उंच गेला, सुरूंच्या शेंड्यांच्या वर गेला आणि तिथून डावीकडे वळत बनाच्या कडेला पडला. अंबाजी मान वर करून नुसता बघत राहिला. पोरगी दोन सकाळी हेच करत होती, तरी त्याचं बघणं काही संपत नव्हतं. चेंडू आभाळात चढला की बापाचं तोंड उघडं पडायचं, आणि विरी बगलेतच राहायची. मग वाळूतला खळगा शोधत तो कुत्र्याने हाड शोधावं तसा फिरायचा.

आडवार असल्यामुळे किनाऱ्यावर पर्यटक नव्हते. घोडागाडीवाला तेवढा सुरूच्या सावलीत आपल्या घोड्याला पेंढा घालत होता, आणि मधूनमधून अंबाजीच्या पोरीचा हा खेळ बघून मान हलवत होता. एवढा लांब चेंडू मारायचा आणि मग म्हाताऱ्याला आणायला पळवायचं, यात काय गंमत, हे त्याने कालच विचारून घेतलं होतं. अंबाजीला तरी कुठे माहीत होतं?

दोन्ही काठ्या गोल्फच्या, सात नंबरच्या होत्या, लोखंडी पात्याच्या. दिसायला जुळ्या बहिणी. फरक होता तो दांड्यात. एकीचा दांडा जरा ताठ होता, दुसरीचा जरा लवणारा. कुठली कुठली, ते दांड्यावरच्या छापील अक्षरावरून कळलं असतं, पण विनिताताईने नेमकं त्या अक्षरावरच चिकटपट्टी गुंडाळली होती, एकीला लाल आणि एकीला पांढरी. खारघरच्या मैदानाशेजारी विनिताताईचं छोटं वर्कशॉप होतं. खेळणाऱ्याचं माप घेऊन काठ्या बेतून देणं हा तिचा धंदा. शिंपी कसा अंगाचं माप घेतो, तशी ती हाताच्या वेगाचं माप घ्यायची. आरोहीचं माप घेतलं तेव्हा यंत्राने सांगितलं की ती बरोबर मधल्या सीमेवर आहे. ताठही चालेल, लवणाराही चालेल. विनिताताई हसली होती आणि म्हणाली होती, घरी जा, समुद्राच्या वाऱ्यात मार, शेजारी कोणी शहाणा नको. अक्षर वाचलं की मन आधीच ठरवून मोकळं होतं, म्हणून पट्टी. मला फक्त रंग कळव.

रंग कळवायचा होता आज. मग त्या जातीच्या दांड्यांचा अख्खा संच आरोहीच्या उंचीला कापून, पाती चिकटवून तयार होणार होता, आणि तो घेऊन ती पात्रता फेरीला उतरणार होती. संच ती शिकत होती त्या गोल्फ अकादमीकडून मिळत होता, तोही एकदाच. कापलेला दांडा काही पुन्हा जोडता येत नाही.

आणि गेल्या वर्षीची फेरी तिच्या डोक्यातून जात नव्हती. शेवटच्या दुपारपर्यंत ती इतकं सुंदर खेळली होती की बाकीच्या मुली थांबून बघत होत्या. मग अखेरीला, जेव्हा नुसता सांभाळून खेळ संपवायचा राहिला होता, तेव्हा हातांना काय झालं कोण जाणे. हात पळायला लागले. चेंडू डावीकडे, झाडीत. पुन्हा डावीकडे. यादीत तिचं नाव लागलं नाही. दीपेश सर, तिचे कोच, रागावले नाहीत. गाडीत बसल्यावर ते एवढंच म्हणाले की तुझे हात घाबरले की घाई करतात, आणि घाबरणाऱ्या हातांना ताठ दांडाच लागतो, तो कमी चुकू देतो. भल्यासाठीच म्हणाले. पण ते शब्द तिच्या मनात काट्यासारखे रुतून बसले, कारण ही घाबरण्याची गोष्ट कुठून आली हे आपल्याला ठाऊक आहे असं तिला वाटत होतं. सरांना ते ठाऊक नव्हतं, आणि ती कधी सांगणारही नव्हती.

अंबाजी विऱ्या ठेवून परत आला, वाळूत फतकल मारून बसला आणि त्याने दोन्ही काठ्या मांडीवर आडव्या घेतल्या. पट्टीखाली काय लिहिलंय, त्याने विचारलं. आरोही म्हणाली, इंग्रजी अक्षर. लवणारीवर आर, ताठ असते तिच्यावर एस.

“आर म्हंजी रोठा,” अंबाजी ठामपणे म्हणाला.

“बाबा, गोल्फची काठी आहे.”

“आसंल. पन ज्याच्यावर आर तीच घे. यस म्हंजी नुसती सुपारी. सुपारी कुठंबी गावते, रोठा आपल्याकडंच.”

तिला हसू आलं. टपोऱ्या रोठा सुपारीपलीकडे जगात काही चांगलं असू शकतं, हे दिवेआगरच्या माणसाच्या गळी उतरवणं कठीण. मग ती उठून विऱ्यांकडे बघत चालू लागली. पालथ्या विऱ्या, म्हणजे पांढऱ्या काठीच्या, एका अंगणात मावतील इतक्या जवळजवळ पडल्या होत्या. उताण्या विऱ्यांचं तसं नव्हतं. त्यातल्या काही पांढऱ्यांच्या कितीतरी पुढे, सुतासारख्या सरळ रेषेत होत्या. त्या चेंडूंच्या वेळी काठी हातात आहे हेच तिला जाणवलं नव्हतं, इतकं ते हलकं, आपोआप घडलं होतं. आणि काही मात्र पार डावीकडे, बनात. लाल काठी धरली तर चावत होती आणि सोडली तर पळत होती.

पांढरी ताठ असणार, लाल लवणारी, हे तिच्या हातांनी ओळखलंच होतं. खात्री देता आली नसती, एवढंच. पांढरी काठी म्हणजे शहाणी नोकरी होती. कधी फार उंच नेणार नाही, कधी फार खाली पाडणार नाही. घाबरणाऱ्या माणसाने तीच घ्यावी. तिने मनातल्या मनात पांढरी घेतली, आणि तिची नजर पुन्हा लांबच्या उताण्या विऱ्यांकडे गेली.

“चल, वाडीत जायाचं हाय,” अंबाजी पंचा झटकत म्हणाला. “आज वरच्या पाटाच्या कडंच्या सुपाऱ्या काडायच्या.”

अंबाजी पाडेली होता. नारळ-सुपारीच्या झाडांवर चढून फळ उतरवणारा. आणि तोही असातसा नव्हे. आरोही लहान होती तेव्हा तिचा बाप सकाळी वाडीच्या एका टोकाला झाडावर चढायचा आणि जेवणवेळेला दुसऱ्या टोकाला उतरायचा. मध्ये जमिनीला पाय नाही. एका पोफळीचे घोस उतरवले की तिच्या शेंड्यावरून तो झाडालाच झोका द्यायचा, झाड लवत लवत पुढच्या झाडापर्यंत जायचं, आणि तो इथलं सोडून तिथलं धरायचा. खाली आरोही टोपली घेऊन, वर बघत, सांडलेली सुपारी वेचत चालायची. शाळेत बाईंनी विचारलं होतं, वडील काय करतात? तिने सांगितलं होतं, वरून चालतात. वर्ग हसला होता, आणि तिला त्यांचीच कीव आली होती.

मग वादळ आलं. त्याचं वर्णन दिवेआगरात कोणी करत नाही, सगळ्यांनी पाहिलंय. उंच जुन्या पोफळी दुपारभरात आडव्या झाल्या. लवतं ते वाचतं असं पुस्तकात असतं. त्या दिवशी लवणाऱ्याही मोडल्या आणि ताठही मोडल्या. उरली ती फक्त वरच्या पाटाच्या कडेची, नुकती धरायला लागलेली ठेंगणी झाडं. त्याच हंगामात अंबाजी त्यांच्यावर चढला, सवयीने झोका घेतला, आणि झाड पुढे गेलंच नाही. अर्ध्यातून उलटं फिरलं. अंबाजी एका हातावर लोंबकळला. हात तेवढा सुटला नाही म्हणून वाचला, पण खांदा पार निखळला.

त्यानंतर अंबाजीने झाडावरून झाडावर जाणं सोडलं. एक झाड चढायचा, उतरायचा, दुसरं चढायचा. गावाचं तोंड कोण धरणार? नाक्यावर कोणाचं धैर्य खचलं, कोणी माघार घेतली की लोक म्हणायचे, याचं अंबाजीसारखं झालं, उतरून चढतोय. आरोहीने ते पुढच्या वर्षी खारघरला मामाकडे शिकायला जाण्याआधी ऐकलं होतं. मामा तिथल्या मैदानावर गवत कापायचा, ती सुट्टीत चेंडू गोळा करायची, आणि कोणीतरी टाकून दिलेली काठी एकदा हातात आली त्यातून हे सगळं घडलं. पण ते वाक्य तिच्याबरोबर गेलं ते गेलंच. गेल्या वर्षी गाडीत दीपेश सर बोलत होते तेव्हा खिडकीबाहेर बघताना तिच्या मनात तेच होतं. बापाचा हात एकदा चुकला आणि तो कायमचा भ्याला, आणि तेच आपल्यात उतरलंय.

वाडीत पाटाचं पाणी सोडलेलं होतं. केळीखाली चिखल झाला होता. अंबाजीने कमरेला आकडी बांधली, आकडीत कोयता अडकवला, काथ्याचं वळं पायात घेतलं आणि चढला. घोस कापले, दोरीला बांधून अलगद खाली सोडले, उतरला. दुसरं झाड चढला. काम नीटच चाललं होतं. आरोही दोन्ही काठ्या खांद्यावर टाकून पाटाच्या कडेला उभी होती.

तिसऱ्या झाडावर त्याने मोठा घोस कापला आणि वजन जाताच शेंडा हलला. आरोही बघायला लागली, आणि बघताना ती आपोआप विनिताताईसारखी बघायला लागली. विनिताताई दांड्याची मूठ शिकंज्यात आवळायची आणि टोक ओढून सोडायची. दांडा थरथरायचा, आणि यंत्र त्याचे झोके मोजायचं. ताठ दांडा भराभर हलायचा, लवणारा सावकाश. आणि एकदा तिने गंमत दाखवली होती. तोच दांडा बोटभर कापून पुन्हा आवळला, तर तो ताठ झाला होता. दांडा तोच, जात तीच, फक्त आखूड. लांबीवर फार आहे गं, ती म्हणाली होती.

वर शेंडा सावकाश गेला, सावकाश परत आला. आरोहीने खालपासून वरपर्यंत झाड बघितलं. ही तीच झाडं. तेव्हा ती बुटकी होती. आता त्यांचे शेंडे बघायला मान पार मागे टाकावी लागत होती.

अंबाजी खाली उतरला तेव्हा ती त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

“बाबा, तेव्हा ही झाडं आखूड होती. म्हणून ताठ होती. तू जुन्या झाडांच्या सवयीने झोका घेतलास, आणि हे आधीच मागे फिरलं.”

“व्हय,” अंबाजी म्हणाला. “म्हाईत हाय.”

“आता ती वाढलीत. आता जुन्यांसारखी लवतात.”

“त्येबी म्हाईत हाय. दोन पावसाळं झालं.”

“मग?”

अंबाजीने कोयत्याचं पातं बोटाने पुसलं. मग तिच्याकडे न बघता स्वतःच्या गळ्याखालची कातडी चिमटीत धरली, सोडली, आणि पायातलं वळं सारखं करायला वाकला.

एवढंच. आणि आरोहीला तो दिवस सगळाच्या सगळा आठवला.

खांदा बसवून घरी आणल्यावर अंबाजी ओटीवर भिंतीला टेकून बसला होता. आठवडाभर थांबतो आणि पुन्हा जातो, असं आईला सांगत होता. तेव्हा ती, चौदा-पंधरा वर्षांची, धावत त्याच्यापुढे जाऊन बसली होती. त्याचा चांगला हात ओढून तिने आपल्या गळ्यावर ठेवला होता, त्याच्या बोटांत आपल्या गळ्याची कातडी धरायला लावली होती, आणि रडत रडत म्हणवून घेतलं होतं. माझ्या गळ्याची शपथ, वरच्यावर एक झाड सोडून दुसरं धरणार नाही. बोल. तो बोलला होता. मग ती खारघरला गेली, शाळा, चेंडू, काठ्या, मैदानं, आणि ती शपथ तिच्या डोक्यातून पुसून गेली. पोरं दिवसाला दहा शपथा घालतात आणि संध्याकाळी विसरतात.

हा माणूस विसरला नव्हता. पोरीचा गळा होता तो. नाक्यावर लोक त्याच्या नावाची म्हण करून हसत होते, आणि हा गप्प राहून एक झाड उतरत होता, दुसरं चढत होता. आरोहीला पाण्याच्या पाटात बसकण मारावीशी वाटली. तिच्या बापाने कधी हात आखडला नव्हता. त्याला तिनेच बांधून ठेवलं होतं. आणि त्या बांधलेल्या हातांना भित्रे समजून ती ते भय स्वतःच्या हातांत शोधत बसली होती.

आवडाबाई, तिची आई, न्याहारीचा डबा आणि पाण्याचा तांब्या घेऊन पाटाच्या बांधावरून येत होती. आरोहीने तिला विचारलं, तुला ठाऊक होतं का. आवडाबाईने तांब्या खाली ठेवला. ठाऊक तर होतंच, ती म्हणाली, पण पोरीच्या गळ्याची गोष्ट गावाला काय सांगायची? आणि तुला आठवण करून द्यायची तर ते मागितल्यासारखं झालं असतं. ज्याला शपथ घातली त्याने मागून ती सुटत नसते, घालणाऱ्याने आपण होऊन सोडवायची असते. हे तर शेंबड्या पोरालाही कळतं.

आरोही झाडाच्या बुडाशी गेली. मग बापाला म्हणाली,

“तुला वर भीती नाही वाटत?”

“वाटतं की भ्या. रोज वाटतं.” त्याने झाडाच्या खोडावर हात ठेवला, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. “भ्याचं काय न्हाय, बाय. हात घाई करतो तो भ्यानं न्हाय करत. झाड परत येनार हाय, ह्याच्यावर त्याचा इश्वास नसतो, म्हनून करतो.”

तिने त्याचा हात खोडावरून काढून आपल्या गळ्यावर ठेवला. हात खरखरीत होता आणि त्याला सुपारीच्या चिकाचा वास येत होता. शाळेतल्या पोरी म्हणतात तो शब्द म्हणायला तिला लाज वाटली, पण दुसरा शब्द नव्हता.

“सुटली,” ती म्हणाली. “शपथ सुटली.”

“तीनदा बोलायचं आसतं.”

ती तीनदा बोलली. अंबाजीने हात काढून घेतला, आपल्या आकडीतला कोयता एकदा चाचपला आणि पुढच्या झाडाला वळं घातलं. आवडाबाई डबा मांडीवर घेऊन बांधावर बसली. तिचे ओठ हलत होते.

तो चढताना नेहमीसारखाच होता. घोस कापले, सोडले. मग उतरायच्या ऐवजी तो वर सरकला, जिथे खोड हिरवं आणि मनगटाएवढं होतं तिथे, आणि त्याने अंग मागे टाकलं. झाड थोडंसं हललं. तो त्याबरोबर पुढे आला, पुन्हा मागे गेला. त्याने जोर असा कुठे लावलाच नाही. झाड जात होतं तेव्हा तो जात होता, येत होतं तेव्हा येत होता, आणि प्रत्येक झोक्याला शेंडा आणखी लांब जात होता. वाडीतले पक्षी उठले. खोड बुडापासून कण्हल्यासारखं वाजू लागलं. आरोहीच्या पायाखालची माती त्या झोक्याबरोबर उचलल्यासारखी वाटत होती, की ते तिच्याच छातीत होत होतं, कळेना.

पहिल्यांदा शेंडा पुढच्या झाडाला लागला तेव्हा अंबाजीने हात पुढे केला नाही. दुसऱ्यांदाही नाही. आरोहीची बोटं काठ्यांवर आवळली. आता, तिच्या मनात आलं, आता धर. तो परत गेला. आणि मग पुढच्या झोक्याला झाड जिथवर जायचं तिथवर गेलं, त्याच्या पुढे जायला त्याच्यात काही उरलं नाही, आणि तिथे ते थांबलं. तेवढा वेळ नव्हताच खरं तर. पण त्या नसलेल्या वेळात तिचा बाप, डोक्यावर आभाळ आणि खाली खोल हिरवा अंधार, मुळीच घाईत नव्हता. त्याने पलीकडचं खोड हाताने धरलं, पाय उचलून तिकडे घातला, आणि इकडचं झाड हातातून असं सोडलं, जसं कोणी पाहुण्याला दारापर्यंत पोचवून हात सोडतो.

तिला हुंदका आला आणि हसूही आलं. लहानपणी हे तिने रोज पाहिलं होतं, आणि रोजच्या पाहण्यात तिला ते कधी दिसलंच नव्हतं. एवढं मोठं काही आपल्या घरात होतं, आपल्याच दाराच्या वर, आणि आपण खाली सुपारी वेचत होतो.

तिने पांढरी काठी केळीला टेकवली. लाल घेऊन ती सुपाऱ्या वाळवायच्या खळ्यात, मोकळ्या जागेत गेली. चेंडू नव्हता, लागतही नव्हता. काठी मागे नेली, खांद्याच्या वर नेली, आणि तिथे थांबली. दांडा मागे राहिला होता, तो यायचा होता, आणि तो येणार होता. तिने वाट बघितली. मग हात आपोआप खाली आले, आणि पातं हवेतून गेलं तेव्हा असा आवाज झाला की आवडाबाईने वळून पाहिलं.

फोन वाजला तेव्हा ती मान वर करूनच चालत होती, अंबाजीच्या खाली, एका झाडामागून दुसऱ्या झाडाखाली. विनिताताईला घाई होती, दांडे कापायला घ्यायचे होते. काय ठरलं, तिने विचारलं.

“लाल,” आरोही म्हणाली.

“नक्की? एकदा कापले की संपलं हां. आणि तुझे सर काय म्हणतात?”

“ते ताठ म्हणतात. त्यांना मी सांगेन.”

“बरं. मग काढ ती पट्टी आणि बघ स्वतःच.”

आरोहीने फोन खांद्याने धरला आणि नखाने लाल पट्टी उचकटली. पट्टी चिवट होती, तुकड्यातुकड्याने आली. खालचं अक्षर दिसलं तेव्हा ती क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली.

“काय निगाली गो?” वरून आवाज आला.

“रोठा, बाबा,” ती म्हणाली.

तो पुढच्या झाडावर पोचला होता, आणि त्याने सोडलेलं झाड अजून हलत होतं.